ड्रॅग रेसिंगसाठी पहिली गाडी कोणती घ्यावी? पॉवरच्या आधी क्लच बघा!

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्ता जगभर गाजला. लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता दिसला की गाडी ताणून बघायचा मोह पोट्ट्यांना होणारच.

पण त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, कापसाच्या गाड्या असतात, मधूनच म्हशी आडव्या येतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वरून, शर्यतीत झालेलं नुकसान गाडीच्या नेहमीच्या विम्यात बसत नाही. म्हणजे गाडी मोडली की खर्च घरच्यांच्या खिशातून.

खरी ड्रॅग रेस वऱ्हाडाला कळायला अवघड नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट ज्याने पाहिलाय, त्याला ती अर्धी कळलेलीच असते. सरळ धावपट्टी, दोन जोड्या, आणि सेकंदाच्या अंशावर ठरणारा निकाल. ड्रॅगमध्ये बैलांच्या जागी गाड्या आणि अंतर बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर.

इथे घड्याळं दोन असतात. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी जागची हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात आणि हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेगळा. समजा, एकाची गाडी १५.९ सेकंदांत पोचली, पण तो ०.९ सेकंद उशिरा सुटला. दुसऱ्याची गाडी १६.२ सेकंदांची, पण तो ०.४ सेकंदांत सुटला. बेरीज केली तर १६.८ विरुद्ध १६.६. गाडी हळू असूनही दुसरा जिंकला! धुरकरी ढिला असला तर बैल कितीही चपळ असोत, पट जातोच.

म्हणून पहिली गाडी अशी हवी, जिच्यावर सुटण्याचा सराव शंभरदा करता येईल. १५० ते २०० सीसीची, गिअरची, कंपनीतून आली तशीच असलेली बाईक त्यासाठी उत्तम. पल्सर किंवा अपाचे घेतली तर क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेट अमरावती-अकोल्यात सहज मिळतात. सरावात आधी झिजतात त्या याच गोष्टी. मोठ्या बाईकचा क्लच जरा चुकला तर पुढचं चाक वर उठतं किंवा मागचं जागीच फिरतं. नवख्याचं सगळं लक्ष मग गाडी सावरण्यात जातं.

आरएक्स १०० चं काय? शंभर किलोच्या आसपास वजन, टू-स्ट्रोक इंजिन, ड्रॅगवाल्यांची जुनी लाडकी. पण तिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. आज मिळणारी गाडी किती हातांतून गेलीय, फ्रेम सरळ आहे का, हे आधी बघावं लागतं. ब्रेकही जुन्या ड्रमचे. पाव मैल संपल्यावर थांबायचंही असतं! ती दुसरी गाडी म्हणून ठीक. स्कूटर मात्र नको. तिच्यावर क्लच-गिअर शिकताच येत नाही.

सायलेन्सर बदलणं, कार्ब्युरेटर मोठा करणं हे लगेच नको. आधी त्याच गाडीवर पंधरा-वीस धावा काढून वेळ लिहून ठेवावा. नाहीतर सुधारणा गाडीत झाली की चालवणाऱ्यात, हे समजत नाही. त्यातही हवामान पाहून तुलना करायची. ४५ अंशांतली हवा १५ अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद तेवढी घटते. जानेवारीचा वेळ मे महिन्यात आला नाही म्हणून मेकॅनिकला बोल लावू नये.

राहिला प्रश्न, पळवायची कुठे? बेलोऱ्याच्या धावपट्टीचं नाव काढू नका, तिथे एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं उतरतात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होत आलीय आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई ट्रॅकवर राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. जवळची आंबी व्हॅलीही अकोल्याहून पाचशे किलोमीटरच्या पुढे. गाडीचं बजेट ठरवताना टेम्पोचं भाडं, हेल्मेट आणि रायडिंग सूट यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत बाईक शोधावी.