दंड माफ झाला, भागाकाराचं काय?

दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. पोरं परत येतात तोवर वर्ग पार पुढे गेलेला असतो. हीच गत इंग्लंडात जिप्सी, रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर समाजाच्या मुलांची आहे. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात! ट्रॅव्हलर मात्र मूळचे आयर्लंडचे.

तिथल्या १९९६ च्या कायद्यात एक सोय आहे. आईबापाचा धंदा फिरतीचा असेल आणि सहा वर्षांवरचं मूल वर्षात २०० अर्धे दिवस, म्हणजे शंभर दिवस शाळेत बसलं असेल, तर गैरहजेरीबद्दल पालकांना दंड नाही. चांगलंच आहे. पण दंड माफ झाला म्हणून बुडालेला भागाकार येत नाही. आता बरीच कुटुंबं एका जागी राहतात, तरी या मुलांचे निकाल तिथल्या सगळ्या समाजांत खालचेच.

कोरोनात, २०२० साली, तिथल्या सरकारने जादा शिकवणीची योजना काढली. ती २०२४ पर्यंत चालली. एका शिक्षकापुढे शक्यतो तीन मुलं, फार तर सहा. पण गरीब मूल कोणतं, हे शाळा बहुतेक मोफत जेवणाच्या यादीवरून ओळखतात. आईला अर्जच वाचता येत नसेल तर नाव यादीत चढणार कसं? शिवाय पोराला चिडवतील या भीतीने काही पालक आपला समाज शाळेत सांगतच नाहीत. म्हणून काही संस्था घरी जाऊन किंवा ऑनलाइन एकेका मुलाला शिकवतात. तिथे हसणारं कुणी नसतं. मोठ्या पोरालाही अक्षरओळखीपासून सुरुवात करता येते. आम्हाला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ आहे. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवायचं, हा त्याचा हक्क आहे. शाळेत हे मागून घ्या.

आमच्या गटात आम्ही तोडीला जाण्याआधी बाईंकडून ‘इथपर्यंत शिकवलं’ असं वहीत लिहून घेतो. गेल्या वर्षी पाचातल्या दोन वह्या फडातच हरवल्या. यंदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देणार आहोत.