पाठ झालेलं हसू

विनोद एकदाच लागू पडतो, असं आपण धरून चालतो. शेवट कळला की गंमत संपली. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’च्या कॅसेटनं मराठी घरांत ही समजूत खोटी ठरवली. १९७९मध्ये रंगमंचावर आलेला हा एकपात्री प्रयोग कॅसेटवर उतरला, आणि त्यातला बबन्या आता काय बोलणार हे ज्यांना तोंडपाठ होतं तीच माणसं तो पुन्हा पुन्हा लावत राहिली. या प्रेमाचं मूळ विनोदापेक्षा बोलीच्या नादात आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पारखायला वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव फार योग्य ठिकाण आहे, कारण हे गाव विदर्भात असूनही मराठवाड्याची बोली त्याच्या कानाला परकी नाही.

आधी प्रयोगाविषयी. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक रंगमंचावर एकटा उभा राहतो आणि जवळपास तीन तासांत ५२ पात्रं उभी करतो. मराठवाड्यातलं एक खेडं, लंडनमध्ये ठरलेलं लग्न, जॉनराव नावाचा गोरा नवरदेव, आणि विमानातून निघालेली वऱ्हाडी मंडळी. कथानक एवढंच. नेपथ्याचा डामडौल नाही, पात्रागणिक वेषांतर नाही. बाई, म्हातारा, पोर, साहेब यांतला फरक दाखवायचा तो आवाजाच्या चढउतारानं, श्वास कुठं घेतला यावरून, शब्द कुठं लांबवला यावरून. म्हणूनच डोळ्यांपुढचा हा खेळ कॅसेटवर गेला तेव्हा त्यातलं फार थोडं गळालं. एरवी नाटकाची ध्वनिफीत म्हणजे नाटकाची उरलीसुरली आठवण असते. इथं मात्र ती स्वतंत्र कलाकृती झाली, आणि नाट्यगृह नसलेल्या गावांसाठी तीच मूळ कलाकृती ठरली.

हे घडू शकलं त्याला तंत्राचाही हातभार होता. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचं उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवरचं पुस्तक १९९३मध्ये आलं. त्यात त्यानं दाखवलं आहे की तबकड्यांच्या काळात एकाच मोठ्या कंपनीच्या हाती असलेला ध्वनिमुद्रणाचा बाजार ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटनं मोकळा केला, आणि ज्या बोलींना, लोकगीतांना, भजनांना तबकडीवर क्वचितच जागा मिळायची ती छोट्या उत्पादकांकडून बाजारात आली. मराठीतही ऐंशीचं दशक कथाकथनाच्या कॅसेटचं होतं. पु. ल. देशपांडे यांच्या पुण्याहून निघालेल्या कॅसेट घरोघरी गेल्या आणि अंतू बर्वा, रावसाहेब ही माणसं आवाजानिशी ओळखीची झाली. पण पुलंच्या निवेदकाची भाषा शिकल्यासवरल्या शहरी माणसाची आहे. बोली येते ती त्या निवेदनात ठेवलेल्या पात्रांच्या तोंडी. लक्ष्मण देशपांडे यांच्याकडे मराठवाडी बोलीचं वजन याहून फार मोठं आहे. सोफ्यावर बसवलेल्या पाहुण्यासारखी ती तिथं अवघडत नाही. घर तिचंच आहे.

मालेगावचा संबंध इथं येतो. नागपूर–औरंगाबाद हा जुना रस्ता आणि अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा रस्ता या गावात एकमेकांना मिळतात. जिल्ह्याची दक्षिण हद्द हिंगोलीला लागते. इतिहासही दोन्ही बाजूंना जोडतो. १८५३च्या तहानं इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत वाशिमसकट सगळं वऱ्हाड निजामाच्याच राज्यात होतं. मराठवाडा तिथं १९४८पर्यंत राहिला. इंग्रजी अमलात वाशिमचा ‘बासिम’ जिल्हा झाला, १९०५मध्ये मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. सरकारी रेषा अशा सरकत राहिल्या. सोयरिकी, बाजारहाट आणि शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथासारख्या देवस्थानांची वाट यांना या रेषांशी फारसं देणंघेणं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. मालेगावची बोली वऱ्हाडी. इथं ‘मले’, ‘तुले’ चालतं. नाटकाच्या नावातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, प्रांताचं नव्हे. मग हा नाद इथला कसा? आक्षेप अर्धा खरा आहे. प्रत्यय वेगळे आहेत, हेलही तंतोतंत एक नाही. पण आपलेपणा व्याकरणाच्या कोष्टकातून येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या, पाठ्यपुस्तक आणि कचेरीचा अर्ज यांतली मराठी एका बाजूला आणि घरातलं बोलणं दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी हिंगोलीच्या माणसानं जशी सोसली तशीच वाशिमच्यानंही सोसली. उद्धव शेळके यांनी १९६०मध्ये ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी बोलीला मोठी प्रतिष्ठा दिली, पण ती वाचणाऱ्यांपुरती. कॅसेटला अक्षरओळखीची अट नव्हती. पुढं ‘मिर्झा एक्सप्रेस’मधून डॉ. मिर्झा रफी अहमद बेग खुद्द वऱ्हाडीत लोकांना हसवू लागले तेव्हा विदर्भानं त्यांना ज्या उत्साहानं डोक्यावर घेतलं, त्यामागंही हीच भूक होती.

ही भूक फक्त आपल्याकडची नाही, याचा पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ‘डेड मिल्कमेन’ या पंक वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९८५मध्ये आला. वादन साधं, गाणी खट्याळ. त्यातलं मोटारीवरचं सर्वांत गाजलेलं गाणं सुरू होण्याआधी दोघांच्या लांबलचक गप्पा आहेत, आणि विषय आहे समुद्रकिनाऱ्यावर जायच्या बेताचा. रसिकांच्या तोंडी गाण्याइतक्याच त्या गप्पाही बसल्या. गुळगुळीत ध्वनिमुद्रणाच्या त्या काळात, शेजारची पोरं बोलतात तसं कुणी तबकडीवर बोललं, ही त्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. खेडं आणि महानगर, मध्यमवयीन प्राध्यापक आणि गिटार बडवणारी तरुण पोरं, साम्य एवढ्यापुरतंच. पण माझ्या मुद्द्याला तेवढं पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हा प्रयोग खेडुताच्या अज्ञानावर शहराला हसवतो. पासपोर्ट न कळणाऱ्या, विमानात गोंधळणाऱ्या माणसांची टिंगल ती टिंगलच, मग बोली कितीही अस्सल असो. काही नकला आज ओढून ताणलेल्या वाटतात, हे मान्य करावं. तरीही हसण्याची दिशा नीट पाहिली पाहिजे. ही माणसं लंडनमध्ये लाजत नाहीत, आवाज खाली करत नाहीत. मानपान, रुसवेफुगवे, पंगत ही आपली मापं घेऊनच ती तिथं उतरतात आणि लंडनला त्या मापांनी मोजतात. नवरदेवाचा ‘जॉनराव’ होतो. बबन्याचा ‘बॉब’ होत नाही. केवळ टवाळी असती, तर जिची नक्कल होते त्या गावानंच ती कॅसेट जपून ठेवली नसती.

राहिला स्मरणरंजनाचा आक्षेप: कॅसेट गेली, टेपरेकॉर्डर गेले, उरली ती एका पिढीची हळहळ. देशपांडे २००९मध्ये गेले. पण त्यांच्यानंतर संदीप पाठक या नटानं, तेही मराठवाड्याच्याच मातीतले, तीच संहिता पुन्हा उभी केली आणि प्रेक्षक आले. ज्यांनी मूळ प्रयोग पाहिलाच नाही त्यांना कशाची आठवण येणार? ते येतात कारण परिस्थिती अजून पुरती पालटलेली नाही. मालिकांमध्ये वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलणारं पात्र आजही बहुधा गडी, हवालदार किंवा गावाकडचा पाहुणा असतं. गोष्टीच्या मध्यभागी ते क्वचितच येतं. तीन तास एकाच बोलीनं सगळी सूत्रं हाती ठेवावीत, तिच्यातच हसावं आणि लेक सासरी जाताना तिच्यातच रडावं, असं ध्वनिमुद्रण बोटांवर मोजण्याइतकं आहे. वाशिमच्या दक्षिण पट्ट्यातल्या, वऱ्हाडी आणि मराठवाडी जिथं एकमेकींत मिसळतात त्या बोलण्याच्या वाट्याला तर ते अजून यायचं आहे.