मांजराकाठी समुद्र मांडताना

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणी घेऊन लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी पाणी तांब्यातांब्याने मोजलं. अशा शहरात, किंवा गोदावरी दाराशी असूनही उन्हाळ्यात विष्णुपुरीच्या साठ्याकडे डोळे लावणाऱ्या नांदेडात, घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी मांडायची म्हटलं तर पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. मासे कोणते, दिवे कोणते, हे सगळं नंतर.

हौस मात्र खरी आहे. गोड्या पाण्याची टाकी चार-पाच वर्षं सांभाळलेल्या माणसाला कधी ना कधी खाऱ्या पाण्याची ओढ लागतेच. त्याला नाही म्हणायला मी हा लेख लिहीत नाही. आपल्या मुलखात हा समुद्र कसा मांडावा, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात स्टँडपासून करावी, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी धरू. ती काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर पाणी मावतं, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड असतं. दहा मिलिमीटरची काच चाळीस किलोच्या आसपास. दगड, वाळू, खालची गाळणटाकी म्हणजे संप आणि लोखंडी सांगाडा मिळून सगळा डोलारा साडेतीनशे किलोच्या घरात जातो. हा भार टेकतो जेमतेम साडेचार चौरस फुटांवर. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून आखलेला असतो. टाकीखाली तो चौपट भरतो. खोलीच्या बाकीच्या जागेवर तेवढं वजन नसल्याने स्लॅब लगेच दगा देत नाही. पण टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवावी. तळमजला सगळ्यांत उत्तम. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर ती ठेवूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली, हे आपण विसरलेलो नाही. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीच्या बाजूला झालेल्या भूकंपांचे धक्के नांदेडातही जाणवले. म्हणून स्टँड वरच्या बाजूने अँगलने भिंतीला बांधून घ्यावा. खर्च नगण्य आहे.

स्टँड गावातला वेल्डिंगवाला उत्तम करतो, फक्त त्याला नीट सांगावं लागतं. चाळीस बाय चाळीसचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप पुरतो. वरची आडवी चौकट उभ्या पायांच्या डोक्यावर टेकलेली हवी. पायांच्या बाजूला नुसती वेल्डिंगवर लटकवलेली नको. वजन पाईपातून सरळ जमिनीत उतरलं पाहिजे, वेल्डच्या जिवावर राहता कामा नये. एमएसच्या लोखंडावर रेड ऑक्साईड आणि वर इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत, नाहीतर पावडर कोटिंग. टाकीच्या काठावरून मिठाचे पांढरे पापुद्रे हळूहळू खाली सरकतात आणि उघडं लोखंड वर्षभरात खाऊन टाकतात. सुताराने स्वस्तातला पार्टिकल बोर्ड सुचवला तर ऐकू नये, कारण तो पाणी पिऊन फुगतो. अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा, वर फोमची चटई, आणि दोन्ही दिशांनी पाणसळ लावून बघावी. टाकी एका बाजूला कलली तर काचेच्या जोडांवर कायमचा ताण राहतो.

संप आत जाईल एवढं दार ठेवलंय ना, हे वेल्डिंगआधी मोजावं. वीज गेली की वरचं थोडं पाणी पाईपातून खाली संपमध्ये उतरतं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी, आणि परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक, म्हणजे हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. विजेचा बोर्ड संपच्या वर नको. बाजूच्या भिंतीवर उंच बसवावा, आणि प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता खाली गळतो. वीज गळताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपियरचा ईएलसीबी नसेल तर टाकीत पाणीच भरू नये. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्याहून कितीतरी सहज वाहते.

आता पाणी. मालवण-रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणावं का, असं बरेच जण विचारतात. लातूरहून किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि किनाऱ्यालगतचं पाणी नद्यांच्या गाळाने आणि सांडपाण्याने बदललेलं असतं. पाणी घरीच करायचं: शुद्ध पाण्यात लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम सागरी मीठ. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमसह समुद्रातले क्षार ठरावीक प्रमाणात असतात. आपल्या टाकीला पहिल्या भरणीत सात किलोच्या आसपास लागतं. विशिष्ट घनता १.०२५ च्या जवळपास यावी.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध? आपल्या बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं, जड असतं, त्यात सिलिका आणि बऱ्याच ठिकाणी नायट्रेटही असतं. त्यावर टाकीत तपकिरी-हिरवं शेवाळ माजतं. स्वयंपाकघरातला आरओ चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार ठेवतो. तो चालत नाही. त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. एसीतून ठिबकणारं पाणी तर बिलकूल घेऊ नये. त्यात कॉइलचं तांबं उतरू शकतं, आणि तांबं कोळंबी-प्रवाळांना विष आहे.

आणि इथेच मराठवाड्याचा खरा हिशोब सुरू होतो. साधा आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. दोनशे लिटरच्या पहिल्या भरणीला सहाशे लिटर बाहेर. पुढे दर पंधरा दिवसांनी वीस लिटर पाणी बदलायचं आणि उन्हाळ्यात रोज तीन लिटर उडतात असं धरलं, तर महिन्याला १३० लिटर शुद्ध पाणी लागतं आणि सुमारे ३९० लिटर बाहेर पडतं. हे पाणी मोरीत सोडणं मला मान्य नाही. ते धुण्याला, फरशीला, संडासाच्या टाकीला वापरता येतं, आणि ज्या घरात ते वापरायची सोय नाही त्या घराने ही टाकी मांडू नये. हे माझं ठाम मत आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणीच घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं.

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी तिसाच्या पुढे टिकून राहिलं की हे शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर वारा घालणारे छोटे पंखे चांगलं काम करतात. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर गार होतात, तेच हे. पण बदल्यात पाणी जास्त उडतं, पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्यांचा उपयोग कमी होतो, आणि खोलीच ३७ अंशांवर असेल तर चिलरला पर्याय उरत नाही. चिलर गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून स्टँडची मागची बाजू उघडी ठेवायची. वीज गेल्यावर निदान प्रवाहाचा एक पंप घरच्या इन्व्हर्टरवर चालू राहायला हवा. पाणी थांबलं की प्राणवायू घटतो, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो.

म्हणून मुहूर्त दिवाळीचा धरावा. पाणी, दगड, वाळू घालून चार ते सहा आठवडे टाकी माशांविना फिरू द्यावी, म्हणजे अमोनियाचं नायट्राईट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू जम बसवतात. संक्रांतीच्या सुमाराला पहिला मासा सोडावा. उन्हाळा येईपर्यंत टाकी स्थिरावते.

मासा क्लाऊनफिशच घ्यावा, आणि कृत्रिम पैदास केलेलाच. महाराष्ट्रात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र उभारलं आहे. सागरी क्लाऊनफिश वाढवण्याचं काम आता आपल्याच राज्यात होतं, हे मला मोठं वाटतं.

प्रवाळांबाबत कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व खडकनिर्मिती करणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे आले, समुद्रघोडेही आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारी फांद्याफांद्यांची टणक प्रवाळं आपल्या टाकीत बसत नाहीत. दगडही समुद्रातून उचललेला नको. भट्टीत भाजलेला कृत्रिम सच्छिद्र दगड जिवाणूंना तितकाच चालतो. मऊ झोआन्थिड आणि मशरूम यांच्यावर सुंदर टाकी उभी राहते, आणि आपल्या उन्हात त्यांना सांभाळणंही सोपं जातं.

आपलं स्वतःचं प्रवाळ महाराष्ट्राजवळ आहे: मालवणच्या सागरी अभयारण्यात, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्या उथळ पठाराला आहे. तिथला एक तुकडाही कुणाच्या दिवाणखान्यात येऊ नये. दुकानदाराने हाडासारखं टणक प्रवाळ किंवा समुद्रघोडा दाखवला, तर तो घेऊ नका आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.