‘कितवा नंबर आला?’ या प्रश्नाला उत्तर नसलेला पुरस्कार

मागच्या महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील तिला घेऊन शाळेत आले होते. मुलगी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना तिने ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’मध्ये नाव नोंदवलं होतं, आणि मध्ये दोनदा कंटाळून, रडून, शेवटी तिने त्यातली गोल्ड पातळी पूर्ण केली. आता तिला जगभरातल्या गोल्डधारकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यासाठी अर्ज करायचा होता. वडिलांचा प्रश्न साधा होता. “मॅडम, नातेवाईक विचारतात, कितवा नंबर आला? मी काय सांगू?”

मुलगी मान खाली घालून बसली होती, कारण नंबर नव्हताच. या पुरस्कारात नंबर नसतो. मला वाटलं, हा प्रश्न त्या एकट्या वडिलांचा नाही, आपल्या स्टाफरूममध्येही तो रोज असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये 1956 साली ‘ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड’ सुरू झाला. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांचं नाव त्याला असलं तरी मुळातली कल्पना एका शिक्षकाची, कर्ट हान यांची. हान जर्मन ज्यू. जर्मनीतल्या सालेम इथे ते शाळा चालवत. हिटलरला उघड विरोध केला म्हणून 1933 मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते ब्रिटनमध्ये आले आणि 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. प्रिन्स फिलिप तिथले अगदी सुरुवातीचे विद्यार्थी. तरुण मुलांची अंगातली ताकद, पुढाकार, हातातलं कसब, स्वतःवरचा ताबा आणि दुसऱ्याबद्दलची कणव कमी होत चालली आहे, असं हान यांना वाटे. (हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी वाटत होतं! मोबाइलला नावं ठेवताना मला हे मुद्दाम आठवतं.) त्यावर त्यांनी उपदेश केला नाही, मुलांना करायला कामं दिली. पुरस्काराची आखणी करायला जॉन हंट आले. 1953 साली तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, त्या मोहिमेचे हे नेते. स्वतः शिखरावर न जाता दुसऱ्यांना वर पोचवणारा माणूस या कामाला मिळाला, हे मला फार आवडतं.

आज ही योजना 100 हून जास्त देशांत चालते, पण नावं वेगवेगळी. सिंगापूरमध्ये ‘नॅशनल यूथ अचीव्हमेंट अवॉर्ड’, आयर्लंडमध्ये ‘गॅश्का’, न्यूझीलंडमध्ये तर हिलरींचंही नाव जोडलेलं. आपल्या देशात ती 1962 पासून आहे. वय 14 ते 24. पातळ्या तीन: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. प्रत्येकीत चार भाग: सेवा, एखादं कौशल्य, शारीरिक व्यायाम किंवा खेळ, आणि साहसप्रवास. गोल्डला आणखी एक भाग असतो. अनोळखी माणसांबरोबर पाच दिवस, चार रात्री राहून काहीतरी काम करायचं.

खरी गंमत आहे ती वेळेच्या हिशोबात. गोल्डसाठी पहिले तिन्ही भाग वर्षभर करायचे, आठवड्याला सरासरी एक तास. एक तास म्हणजे काहीच नाही, असं मुलांना पहिल्या दिवशी वाटतं. पण परीक्षा आली, लग्नसराई आली, तरी महिन्यामागून महिने तो तास सांभाळायचा, ही गोष्ट अवघड आहे. शिवाय ध्येय मुलाने स्वतः ठरवायचं. राज्य पातळीवर पोहणारी मुलगी आणि पाण्याला घाबरणारा मुलगा, दोघांनाही गोल्ड मिळू शकतं. त्याला मिळालं म्हणून तिचं हुकत नाही. त्या त्या भागाचा जाणकार मूल्यमापन करतो, ते एवढंच बघून की ठरवलं होतं ते नेटाने केलं का.

साहसप्रवासात गोल्डला चार दिवस, तीन रात्री असतात, आणि रोज आठ तासांचा उद्योग. चार ते सात जणांचा गट. गाडीचा आधार नाही, सामान पाठीवर, स्वयंपाक आपला आपण. आधी सराव फेरी सक्तीची. आमच्या भागातली मुलं त्यासाठी सह्याद्रीतच जातात.

आता मेळाव्याकडे येते. ‘इंटरनॅशनल गोल्ड इव्हेंट’ साधारण तीन वर्षांतून एकदा होतो, दर वेळी वेगळ्या देशात. देशोदेशीचे गोल्डधारक तिथे जमतात. पालकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, म्हणजे स्टेज, शाल, ट्रॉफी आणि फोटो, ते इथे नाही. गोल्ड मिळालेलंच आहे, आता पुन्हा सत्कार कशाला? तिथे काम असतं. गटात बसून बोलायचं, आपापल्या देशात तरुणांपुढे काय अडचणी आहेत ते सांगायचं, परतल्यावर काय करणार हे ठरवायचं. घरी आल्यावर पुढच्या मुलांसाठी वेळ देणं अपेक्षित असतं.

म्हणजे तिथे मुलाला काय लागणार? पाठ केलेलं भाषण नक्कीच नाही. केनियाचा मुलगा जेवताना विचारणार, “तू काय केलंस?” त्याला स्वतःच्या शब्दांत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, खरं उत्तर देता आलं पाहिजे. आणि मग “तू काय केलंस?” असं उलट विचारून ऐकताही आलं पाहिजे. हे दुसरं आपल्या हुशार मुलांना जास्त जड जातं, हा माझा अनुभव.

आमच्या विद्यार्थिनीचा अर्जाचा पहिला मसुदा मी वाचला. ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण’, ‘समाजासाठी अमूल्य योगदान’. सगळे शब्द मोठे आणि ती कुठेच नाही! मी विचारलं, “अगं, वस्तीतल्या अभ्यासिकेचं काय झालं होतं?” तेव्हा हळूहळू बाहेर आलं. पहिले दोन महिने दोनच मुलं यायची, तीही बिस्किटांसाठी. एका संध्याकाळी कोणीच आलं नाही, तर ही रिकाम्या खोलीत तासभर बसून राहिली. मग तिने वेळ बदलली, कारण मुलं त्या वेळी पाणी भरायला जात होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. साहसप्रवासात तिसऱ्या दिवशी तिने गटाला ढोरवाटेला लावलं. तीन तास वाया गेले. गटापुढे “माझं चुकलं” म्हणणं तिला चढापेक्षा अवघड गेलं. कौशल्य म्हणून तिने मोडी लिपी शिकली आणि पणजोबांचं एक जुनं खरेदीखत अर्धंमुर्धं वाचलं.

“हे लिहायचं? यात तर मी नापासच दिसते,” ती म्हणाली.

तिचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “त्या रिकाम्या खोलीचं तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस.”

पालकांसाठी थोडं व्यवहाराचंही. अर्ज नेहमी आपल्या शाळा-कॉलेजमार्फत किंवा पुरस्काराच्या राष्ट्रीय कार्यालयामार्फतच करा. नोंदणी शुल्क, विमान, विमा, व्हिसा यातलं कोण काय भरणार हे आधी लेखी विचारून घ्या. संकोच करू नका, कर्ज काढून जाण्याची ही गोष्ट नाही. आणि ‘तुमच्या पाल्याची आंतरराष्ट्रीय युवा परिषदेसाठी निवड झाली आहे, इतके पैसे भरा’ अशा मेल घरोघर येत असतात. न केलेल्या अर्जावर निवड कशी होईल? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी बरेच पैसे वाचतात.

शिक्षकांना एक विनंती. गोल्डच्या नोंदी तपासताना ‘छान’, ‘उत्तम’ असे शेरे मारू नका. त्या आठवड्यात काय अडलं ते मुलाकडून दोन ओळींत लिहून घ्या. पुढे अर्जाच्या वेळी तेच उपयोगी पडतं. आमच्या या मुलीच्या वहीत मीच वर्षभर ‘छान’ लिहून ठेवलं होतं, त्यामुळे तिला सगळं आठवून आठवून काढावं लागलं.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात तिने त्या रिकाम्या खोलीपासून केली आहे. निवड अजून कळायची आहे. वडिलांनी मात्र पासपोर्टचा अर्ज भरून टाकलाय. आणि नातेवाइकांना ते आता काय सांगतात, हे मी परवा फोनवर विचारलं. म्हणाले, “सांगतो, नंबर नाही. वेळ असेल तर बसा, पूर्ण सांगतो.”