तयारी उताराची

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर, बालाघाटच्या पठारावर वसलं आहे. नांदेड गोदावरीकाठी, त्याहून बरंच खाली. पण या दोन शहरांमधला उतार इतक्या लांबवर पसरला आहे की स्टिअरिंगवरच्या माणसाला तो जाणवतही नाही. इथला ड्रायव्हर सपाटीवर घडतो आणि सुट्टी लागली की तीच गाडी घेऊन माहूरच्या दत्तशिखराकडे, किनवटकडच्या डोंगराळ कच्च्या वाटांवर, नाहीतर थेट सह्याद्रीत एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी जातो. निघण्यापूर्वीची चौकशी असते ती चढाची: इंजिनात दम आहे का, फोर बाय फोर आहे का, टायर दणकट आहेत का. ही तयारी चुकीच्या टोकापासून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. चढाला कमी पडलेली गाडी बहुधा अडकून पडते. हँडब्रेक लावून, चाकामागे दगड देऊन माणसं खाली उतरू शकतात. उताराला कमी पडलेली गाडी ही सवड देत नाही. म्हणून गाडीची आणि चालकाची तयारी आधी उतार डोळ्यांसमोर ठेवून व्हायला हवी.

थोडा हिशेब मांडू. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी हजार मीटर खाली उतरते, तेव्हा तिने कमावलेली उंची उष्णतेत बदलते. ही उष्णता साधारण साठ लिटर थंड पाणी उकळीपर्यंत न्यायला पुरेल इतकी असते. काही भाग हवेच्या आणि चाकांच्या घर्षणात जातो. उरलेला इंजिनाने अडवला नाही तर सगळा ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांची आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाऊनही गाडी धावतच राहते. सपाटीवर अशा ऑइलने वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, म्हणून ते बदलायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. डोंगरात जाण्यापूर्वी ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून ब्रेकमधली हवा काढून घ्यावी, पॅड-लायनरची जाडी पाहावी. जादा दिवे आणि छतावरचे कॅरिअर यांचा खर्च त्यानंतरचा. छतावर चढवलेलं ओझं तर तिरप्या वाटेवर गाडीचा तोल बिघडवतं.

यावर म्हटलं जाईल की आजच्या गाड्यांत एबीएस आहे, चारही चाकांना जोर आहे. पण जोर चारही चाकांना असला तरी ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतोच. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला त्यामुळे काही वेगळी पकड मिळत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, गाडी वळवता येते, हा त्याचा मोठा उपकार. मात्र सुट्या मुरमावर थांबायचं अंतर त्याने वाढूही शकतं. फोर बाय फोरचा उतारावर खरा उपयोग आहे तो लो रेंजचा, कारण त्यात इंजिन गाडीला घट्ट धरून ठेवतं. लो रेंजचा दांडा चिखलातून निघण्यापुरताच आहे असं समजणाऱ्यांनी एवढं जरूर शिकून घ्यावं.

दुसरा आक्षेप इंधनाचा. उताराला न्यूट्रल केलं की इंधन वाचतं, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आली आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गियरमध्ये ठेवली, तर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहतं. बचतीचा हिशेबसुद्धा गियरच्याच बाजूने आहे. चावी बंद करून गाडी सोडणारे तर ब्रेकचं साहाय्य आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही गमावतात.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा आहे, कारण त्यात अनुभवाचा मान आहे: आमची पोरं पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीतून गाड्या काढतात, त्यांना कोण शिकवणार? हे कौशल्य खरंच आहे. आपली काळी माती पाण्याने फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होतं. तिथे थांबलं की गाडी रुतते, म्हणून वेग न मोडता रेटत नेणं हाच शहाणपणा. पण हीच सवय डोंगरात घात करते. मुरमाच्या उतारावर वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं आणि वळणापलीकडचं दिसत नाही. तिथे आधी थांबायचं, उतरून वाट पायी पाहायची, मग पहिल्या गियरमध्ये चालण्याच्या वेगाने खाली यायचं. चिखलात तरबेज झालेल्या हाताला हे नवशिक्यापेक्षा जड जातं, कारण त्याला आधी एक सवय मोडावी लागते.

चालकाच्या तयारीत झोपही आलीच. लातूरहून रात्रभर गाडी हाणून पहाटे घाटाच्या तोंडाशी पोचण्याचा बेत सर्रास आखला जातो. म्हणजे शरीराला सर्वांत जास्त झोप येते त्या वेळी सर्वांत अवघड वाट सुरू होते. दुसरा चालक सोबत असावा किंवा घाटाअलीकडे मुक्काम करावा. अरुंद वाटेवर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमही उतरणाऱ्याने पाळायचा आहे. सरावासाठी फार लांब जायला नको. नवरात्र आणि दत्तजयंतीची गर्दी सोडून माहूरचा घाट दिवसाउजेडी, रिकाम्या गाडीने, एकदा दुसऱ्या आणि एकदा तिसऱ्या गियरमध्ये उतरून पाहावा. दोन्ही वेळा ब्रेकवर पाय किती वेळा गेला, ते शेजारी बसलेल्याने मोजावं.