नौकानयन प्रशिक्षण (मोठ्या स्पर्धांसाठी)

नौकानयन प्रशिक्षण : वल्ह्यांनी चालविल्या जाणाऱ्या शर्यती नौकांच्या खेळाडूंना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी सिद्ध करण्याची पद्धतशीर प्रक्रिया. नौकानयनात (रोइंग) खेळाडू नौकेच्या गतीच्या दिशेकडे पाठ करून बसतो, वल्हे बाजूच्या कडीत अडकविलेले असते व आसन रुळांवर पुढेमागे सरकते. कयाक व कॅनू या प्रकारांत खेळाडूचे तोंड पुढे असते आणि वल्हे कोठेही न अडकविता केवळ हातांनी धरलेले असते. तंत्रात असा भेद असला, तरी सर्व प्रकारांत प्रशिक्षणाची मूलतत्त्वे बव्हंशी सारखीच आहेत. प्रत्येक खेळाडू दोन वल्ही चालवितो त्या प्रकारास ‘स्कलिंग’ व एकच वल्हे चालवितो त्यास ‘स्वीप’ म्हणतात. नौकानयनाच्या शर्यतीचे प्रमाण अंतर २,००० मी. असून ते कापण्यास नौकेच्या प्रकारानुसार सु. साडेपाच ते आठ मिनिटे लागतात.

महाराष्ट्रात या खेळाचे प्रमुख केंद्र पुणे हे आहे. तेथील रॉयल कॅनॉट बोट क्लबची स्थापना १८६८ मध्ये झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाने विद्यार्थ्यांत या खेळाची परंपरा जोपासली, तर दापोडी येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरातील सेनादलाच्या नौकानयन केंद्राने अनेक ऑलिंपिक खेळाडू घडविले. मराठवाड्याची स्थिती वेगळी आहे. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आहे. परंतु अशा जलाशयांची पातळी पर्जन्यमानानुसार चढते-उतरते. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये त्या शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशातील तरुणास हा खेळ दुर्लभ आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि उच्च दर्जाचा वल्हेकरी घडविण्याच्या कार्याचा मोठा भाग पाण्याबाहेर होतो, ही गोष्ट पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

शारीरिक पाया : शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सु. ७० ते ८० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. म्हणून हृदय, फुप्फुसे व स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या यांची क्षमता वाढविणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम होय. याकरिता सरावाचा बहुतांश वेळ मंद गतीच्या दीर्घ वल्हवण्यास दिला जातो. मिनिटाला १८ ते २० फटके, सहज बोलता येईल इतकाच श्वास आणि रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण दर लिटरला सु. २ मिलिमोलच्या आत, अशी त्याची मर्यादा असते. रोज जोर लावून दमण्यालाच सराव समजणारा नवखा खेळाडू ही मर्यादा वारंवार ओलांडतो. परिणामी शरीरास सावरण्यास अवधी मिळत नाही व प्रगती खुंटते. धावणे, सायकल चालविणे, वजने उचलणे आणि वल्हवण्याच्या यंत्रावरील (अर्गोमीटर) सराव यांनी हा पाया भक्कम होतो. या यंत्रावर प्रत्येक ५०० मी. अंतराचा काळ नोंदविला जात असल्याने जलाशयापासून दूर राहणाऱ्या तरुणाची पात्रताही अजमावता येते.

तंत्र : वल्ह्याच्या एका फटक्याचे चार भाग पडतात : पाते पाण्यात घालणे, ओढणे, बाहेर काढणे व आसनासह पुन्हा मूळ स्थितीत येणे. ओढण्यातील बल प्रथम पायांनी, नंतर पाठीने व अखेरीस बाहूंनी लावले जाते. त्यात पायांचा वाटा सर्वाधिक असतो. हा क्रम बिघडल्यास कमरेवर ताण येऊन दुखापत संभवते. एकेरी नौकेचे किमान वजन अवघे १४ किग्रॅ. असून तिची रुंदी अतिशय कमी असल्याने शरीराच्या किंचित हालचालीनेही ती डळमळते. म्हणून तोल व लय यांचे शिक्षण मात्र पाण्यावरच द्यावे लागते. पोहणे न येणाऱ्या उमेदवारास प्रथम पोहण्याचे शिक्षण देणे अनिवार्य आहे.

वार्षिक आराखडा : प्रमुख स्पर्धेचा दिवस निश्चित करून तेथून मागे मोजत वर्षाची आखणी करतात. आरंभीचे काही महिने सहनशक्ती व बलसंवर्धन यांना दिले जातात. पुढे टप्प्याटप्प्याने शर्यतीच्या वेगाचे तुकडे वाढविले जातात व फटक्यांची गती मिनिटाला ३४ ते ३८ पर्यंत नेली जाते. साधारणतः तीन आठवडे वाढता भार व चौथ्या आठवड्यात सौम्य सराव, असे चक्र अनेक प्रशिक्षक पाळतात. स्पर्धेपूर्वीच्या दोन ते तीन आठवड्यांत सरावाचे एकूण प्रमाण सु. ४० ते ६० टक्के कमी करतात. तीव्रता मात्र टिकवून ठेवतात. या काळात साचलेला थकवा ओसरतो व मिळविलेली क्षमता प्रकट होते. अखेरच्या आठवड्यात अधिक कष्ट घेऊन उणीव भरून काढण्याचा मोह खेळाडूला व प्रशिक्षकालाही होतो. तो टाळणे ही प्रशिक्षकाची खरी कसोटी होय.

उष्मा, आहार व विश्रांती : मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी मुख्य सराव पहाटे घ्यावा. सरावापूर्वी व नंतर वजन करावे. घटलेला प्रत्येक किलोग्रॅम हा सु. एक लिटर पाण्याचा तोटा समजून पाणी व क्षार यांची भरपाई करावी. उष्ण प्रदेशातील स्पर्धेसाठी शरीर सरावण्यास सु. १० ते १४ दिवस लागतात. भाकरी, भात, डाळी, दूध, अंडी व फळे या परिचित आहारातूनही गरज भागविता येते. मात्र त्याचे प्रमाण सामान्य व्यक्तीच्या आहारापेक्षा पुष्कळ अधिक ठेवावे लागते. सकाळच्या नाडीचे वाढते ठोके, उडालेली झोप व घटलेली भूक ही अतिश्रमाची पूर्वचिन्हे आहेत. प्रत्येक खेळाडूने त्यांची दैनंदिन नोंद ठेवावी.

शर्यतीचे नियोजन : आरंभीचे फटके जोरकस असले, तरी पहिल्या ५०० मी. अंतरात सर्व शक्ती वेचणारा खेळाडू तिसऱ्या ५०० मी. मध्ये मागे पडतो. म्हणून चारही टप्प्यांचा वेग शक्य तितका समान राखण्याची सवय लावतात. संघाच्या नौकेत कोण कोठे बसावे, हे प्रत्यक्ष शर्यती लावून व खेळाडूंची अदलाबदल करून ठरविले जाते. यंत्रावर सर्वांत वेगवान असलेले चौघे एकत्र आल्याने सर्वांत वेगवान नौका होतेच असे नाही.

या प्रशिक्षणाचे ठळक उदाहरण म्हणजे दत्तू भोकनळ. मराठवाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही (ता. चांदवड) या दुष्काळी गावचा हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात दाखल झाला व त्यानंतरच पुण्यात या खेळाकडे वळला. प्रारंभी त्यास पाण्याची भीती वाटत असे. लातूरला रेल्वेने पाणी पोहोचले, त्याच महिन्यात त्याने दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून ऑलिंपिक प्रवेश निश्चित केला. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) एकेरी स्कलिंगमध्ये त्याचा तेरावा क्रमांक आला. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत आजारपणामुळे तो एकेरीत मागे पडला; पण लगेच दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या स्कलिंगमध्ये सुवर्णपदक पटकाविले. त्या काळी भारतीय संघाचे प्रशिक्षक द्रोणाचार्य पुरस्कारप्राप्त इस्माईल बेग हे होते. दत्तूला २०२० चा अर्जुन पुरस्कार लाभला.

पाण्याशी बालपणीचा परिचय नसतानाही अशी मजल मारता येते, हे त्यावरून सिद्ध होते. मात्र त्यामागे निवासाची सोय, पुरेसा आहार, नौका, जाणते प्रशिक्षक आणि स्थिर उत्पन्न देणारी सैन्यातील नोकरी यांचे पाठबळ होते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांतून उंच, लांब हातापायांचे व चिकाटीचे विद्यार्थी हेरणे, त्यांची यंत्रावर चाचणी घेणे आणि निवडक विद्यार्थ्यांना बारमाही पाण्याच्या केंद्रात पाठविणे, हे अल्प खर्चात होण्याजोगे आहे. पाण्याच्या दुर्भिक्ष्यापेक्षा या पाठबळाचा अभावच ग्रामीण खेळाडूच्या वाटेतील मोठा अडथळा ठरतो.