अप्पर गेला, डिपर राहिला!

बालमित्रांनो, गेल्या हिवाळ्यात लातूरहून नांदेडला मोटारसायकलवर येत होतो. अहमदपूर सोडलं आणि काळोखात हेडलाइट विझला! पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एकही दिवा नाही. अगदी जवळ गेल्यावर दिसला. छातीत धस्स झालं. घाईने बटण डिपरवर टाकलं, तर काय, उजेड पडला!

कसा बरं? या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनच्या दोन तारा असतात. एक अप्परची, एक डिपरची. टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून तार पांढरीशुभ्र तापूनही टिकते. पण तापून तापून ती झिजते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी एक दिवस तुटते.

डिपरवर हळूहळू लोहा गाठलं. मेकॅनिककाकांनी गाडी बंद करून बल्ब निवू दिला. मागचा प्लग नि रबरी टोपण काढलं, स्प्रिंगची पकड सोडवली, जुना बल्ब बाहेर! नवा तेवढ्याच वॅटचा घेतला. जास्त वॅटने वायरी तापतात. मी बल्ब उचलायला गेलो, तर काका ओरडले, “सर, काचेला बोट लावू नका!” बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पत्र्याच्या बुडाला धरायचं.

मुलांनो, आज संध्याकाळी घरची गाडी भिंतीसमोर उभी करायला सांगा. अप्पर, डिपर आणि मागचा दिवा, तिन्ही लागतात का, तुम्हीच तपासा. पालकहो, लांबच्या प्रवासात एक जादा बल्ब जवळ असू द्या!